परतूरचा शिंपी आणि दुश्मन देशाचा फोन

परतूरची ती निवडणूक माझ्या डोक्यातून अजून जात न्हाई. मी सातवी शिकलेला, शिपाई म्हणून भरती झालो आन् सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. जसं घडलं तसं लिहितो, नाव कुणाचंच घेत न्हाई.

एका उमेदवारानं बाजारातल्या सभेत सांगितलं, "दुश्मन देशाशीसुद्धा उघड बोललं पाहिजे. नुसतं दार लावून भागत न्हाई." गाव तापलं. दोन दिवसांनी आमच्याकडं खबर आली. या उमेदवाराचे कुडते शिवणारा म्हातारा शिंपी दर शुक्रवारी त्याच देशात फोन लावतो, आन् परवा तर तिकडून आकडे लिहून घेतले.

शिंप्याला चौकशीला आणलं. स्टेशन डायरीत नोंद केली. दुकानातली चिठ्ठी पंचांसमोर जप्त केली. तिच्यावर नुसते आकडे. चाळीस, चौतीस, एकोणतीस, पंधरा.

"चाचा, तिकडं कोण हाय तुमचं?"

"कोणी न्हाई साहेब."

फोनमध्ये तिकडचा नंबर तर दिसत होता. इथं त्यानं चूक केली. एकदा खोटं सापडलं की पोलीस खऱ्यावरही विश्वास ठेवत न्हाई. आमचे साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत बोलला न्हाई तर वरच्या पथकाच्या ताब्यात देऊ. तिकडं गेला असता तर त्या वयात परत आला असता की न्हाई, देव जाणे.

बाहेर विरोधकांची घोषणाबाजी चालू होती. उमेदवाराची माणसं त्याचा हात धरून म्हणत होती, "दादा, सांगून टाका की ओळखच न्हाई." तो मात्र आत आला, बाकावर बसला. "माझे कपडे हेच शिवतात. घ्या लिहून."

दुपारी मी जेवायला घरी गेलो. नियमात बसत न्हाई, पण ते आकडे बायकोला सांगितले. ती हसायलाच लागली.

"अवो, ही तर बाईच्या कुर्त्याची मापं! उंची, छाती, कंबर, मुंढा. पोरगी अंगानं बारीक हाय, लग्नाबिग्नाचं शिवत असंल. एवढं कळंना व्हय फौजदाराला?"

तसाच उठून ठाण्यात आलो. "चाचा, लग्न कुणाचं हाय?"

म्हातारा ढसाढसा रडला. लग्न बहिणीच्या पोरीचं. बहीण लग्न होऊन कधीचीच तिकडं गेल्ती. त्यांच्यात नवरीचा जोडा, म्हंजी लग्नाचे कपडे, मामाच्या घरचा लागतो, आन् इथं मामाच शिंपी. जोडा दुबईच्या नातेवाइकाच्या हातानं जाणार होता. फोनचं कबूल केलं तर तुरुंग, या भीतीनं त्यानं बहीणच नाकारली.

साहेबांनी ठाण्यातूनच फोन लावायला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बहिणीनं मापं सांगितली. मी चिठ्ठी धरून बसल्तो, बराबर जुळली. मंग शिंप्यानं सांगितलं की मी पोलीस ठाण्यात हाय. तिकडून बहिणीचा हळूच आवाज आला, "साब, मेरे भाई ने खाना खाया क्या?"

सकाळपासून आमच्यापैकी कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हवतं. मी स्वतः जाऊन जेवण आणलं. संध्याकाळच्या आत म्हातारा घरी गेला.

उमेदवार पडला. असं बोलणाऱ्याला मत द्यावं का, म्हणून लोक मला आजही विचारतात. द्यावं. सीमेवर पहारा कडकच पाहिजे, तिथं मी बिलकुल ढील देणार न्हाई. पण बोलणं उघड असलं की त्यात काय हाय ते दिसतं. लपवलं की नवरीचं मापही बॉम्ब वाटतं, हे मी माझ्या टेबलावर बघितलंय.

बायको जाऊन वर्ष झालं. ड्युटीवर असलो की तीही फोनवर पहिलं हेच विचारायची, जेवलात का. आता तो फोन येत न्हाई. म्हणून सांगतो, तिकडं बोलायला माणूस हाय तोवर बोलून घ्यावं.