एकट्याचा अल्बम

विजय गेला त्या सकाळी मी मुलुंडच्या एका सोसायटीत लिफ्टच्या मशीनरूममध्ये होतो. फोन त्याच्या आईचा, माईंचा. "लवकर ये रे, विजय उठत नाय," एवढंच त्या बोलल्या. घाटकोपरला पोचलो तोवर गल्लीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. झोपेतच हृदय थांबलं म्हणे. मला रडू आलं नाही, रागच आला. त्याचा नवा अल्बम होत आला होता, आयुष्यातला पहिलाच एकट्याचा, आणि त्यात मी नव्हतो. त्यावरून आमचं नुकतंच फोनवर वाजलं होतं. आता भांडायचं कुणाशी?

बाहेरच्या माणसाला हा निव्वळ मानपानाचा मामला वाटेल. पण आमच्या रॅपची रीतच वेगळी होती. विजयचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. तिथे मुख्य गायक ओळ सोडतो आणि मागचा कोरस ती उचलतो. ते ऐकतच आम्ही वाढलो. कॉलेजात रॅपचं वेड लागलं तेव्हा विजयने तीच तऱ्हा आणली. ओळ त्याची, ओळीचा शेवटचा शब्द माझा. त्या शब्दापुरता तो श्वास भरून घ्यायचा आणि पुढच्या ओळीवर तुटून पडायचा. "लिहितो मी, टाळ्या तू खातो," म्हणून मला चिडवायचा. रेकॉर्डिंग माईंच्या लाकडी कपाटात. फळ्या काढून आतून गोधड्या ठोकल्या होत्या. एक माइक, आणि त्यासमोर खांद्याला खांदा लावून आम्ही दोघं. आमच्या रॅपपायी माईंच्या साड्या कायमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या.

पुढे मी नोकरीला लागलो, संसारात पडलो. विजय रॅपच करत राहिला. चाळिशी उलटली, नवी पोरं त्याला 'दादा' म्हणत पाया पडू लागली. त्याला ते आवडायचं आणि अवघडल्यासारखंही व्हायचं. पण कार्यक्रम असला की मला ओढून न्यायचाच. म्हणून तर एकट्याच्या अल्बमचं ऐकून मी तडकलो.

"माझं काय चुकलं, ते तरी सांग ना!"

"चुकलं काय नाय, यार. एकदा एकट्याने उभं राहून बघतो. जमतं का ते."

मी फोनच ठेवून दिला.

काही आठवड्यांनी साकीनाक्याचा अस्लम, विजयची गाणी मिक्स करणारा, लॅपटॉप घेऊन माईंकडे आला आणि त्याने मला बोलावून घेतलं. "दादा इथेच कपाटात रेकॉर्ड करून मला पाठवायचा. पण भाई, ऐक जरा. काहीतरी लोचा आहे." त्याने लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवरच गाणं लावलं. विजयचा आवाज आला, तोच खरखरीत, अंगावर येणारा.

'डोंगरावर घर आमचं, पायाखाली शहर,
टाकी आमच्या उशाला, अन् नळाला पाणी...'

आणि तिथे काहीच नाही. बीट चालू, विजय गप्प. मग पुढची ओळ. पुढेही ठिकठिकाणी तेच. 'गैरहजर' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता.

"तुझ्यासाठीच सोडलंय," अस्लम म्हणाला, "नाहीतर इतक्या वर्षांची सवय."

माई चहा गाळत होत्या. "दम लागायचा त्याला हल्ली," त्या म्हणाल्या. "गल्लीचा चढ चढला की बसायचा. म्हटलं, डॉक्टरला दाखव, तर म्हणे अल्बम होऊ दे."

मी गोंधळून गेलो, तो अजून सावरलेलो नाही. ती जागा माझी होती, की त्याला शब्दापर्यंत पोचताच येत नव्हतं? अल्बम बाहेर यावा असा माईंचा हट्ट, आणि त्या जागांचं काय करायचं ते त्यांनी माझ्यावर सोपवलेलं. मी शब्द घातले, तर तो एकट्याचा राहत नाही. नाही घातले, तर त्याचं अर्धवट राहिलेलं बोलणं जगाने ऐकायचं. आणि ज्याला विचारायचं तोच नाही. लिफ्ट बिघडली की मला निदान कुठली वायर तपासायची ते तरी कळतं!

अस्लम म्हणाला, "बोलून तर बघ. नको वाटलं तर उडवू."

कपाटात शिरलो. गोधड्यांना अजून त्याच्या अगरबत्तीचा आणि घामाचा वास होता. हेडफोन लावले आणि बघतो तर मी माइकसमोर मधोमध नव्हे, सवयीने डावीकडे सरकून उभा. उजवीकडे एका माणसाची जागा रिकामी. बीट सुरू झाली. घर, शहर, टाकी, नळ... आणि मी म्हणालो, "गैरहजर."

त्याच क्षणी कानात, माझ्या शब्दाखाली, विजयने श्वास घेतलेला ऐकू आला. छातीभर, नेहमीसारखा. आणि तो पुढच्या ओळीवर तुटून पडला. मी पुढचा शब्द म्हणालो. त्याने पुन्हा श्वास घेतला.

गाणं संपलं तेव्हा अस्लमने बाहेरून विचारलं, "ठेवायचं का, भाई?"

"माहीत नाही रे," मी म्हणालो. "पुन्हा लाव."