मैदानाला पाणी

आमच्या गावच्या कबड्डी संघानं शेवटचा चषक जिंकला, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. मग मी सून होऊन या गावात आले आणि तेव्हापासून आम्ही हरतोय. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, ते पुढं सांगते. मग तुम्हीच काय ते ठरवा.

गाव मुळशी तालुक्यातलं. लवळ्याच्या पलीकडं, धरणाच्या अलीकडं. यात्रा माघात असते आणि यात्रेत कबड्डीचे सामने असतात. मैदान देवळामागच्या आमच्याच खाचरात होतं. भात निघालं की ढेकळं फोडायची, मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा आणि फक्कीनं रेषा ओढायच्या. आता मॅटवर खेळतात सगळीकडं. आमच्याकडं अजून माती आहे. मॅट घ्यायला मंडळानं कधीपासून वर्गणी काढायचं ठरवलंय, अजून ठरतंच आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा बाया सामना बघायला उभ्या राहत नसत. तसा काही कायदा नव्हता, पण उभी राहिलेली बाईही नव्हती. एक रीत मात्र होती. ज्याचं खाचर, त्याच्या घरच्या बायकांनी मैदानाला पाणी द्यायचं. ही रीत ऐकली आणि मला गुदगुल्या झाल्या. कारण मला कबड्डीचं वेड होतं. माझं माहेर मुठा खोऱ्यातलं. शाळेत असताना मी पोरांमध्ये खेळलेली आहे, पकडीला एक नंबर. त्यात आमचे हे संघाचे मुख्य चढाईपटू. नवऱ्याचा खेळ डोळे भरून बघायचा तर कळशी उचलण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. मग काय, मी पाणी घालत सुटले. एका सामन्याला दोन कळश्या पुरायच्या तिथं मी सहा न्यायची. सासूबाई म्हणायच्या, "आगं, कबड्डी हाय का भाताची लावनी?"

यांचा खेळ मी शब्दांत काय सांगू. अंगानं किरकोळ, पण दम असा की समोरचा संघ थकायचा. "कबड्डी कबड्डी" म्हणताना आवाज चढायचा नाही, उतरायचा नाही. विहिरीवरचा पंप सुरू असावा तसा एकसारखा. घरी मात्र तोंडातून दिवसाला दहा वाक्यं निघाली तरी पुष्कळ. मी चेष्टेनं म्हणायची, तुमचं सगळं बोलणं मैदानावरच संपतंय. तेव्हा हसायचे.

दुसऱ्या वर्षीच्या यात्रेला मला सातवा महिना होता. अंतिम सामना आमचा आणि माझ्या माहेरचा. सासूबाईंनी बजावलं होतं, आज पाण्याला जायचं नाही. पण मला घरात बसवेना. सकाळी त्या देवळात गेल्या तेवढ्यात मी गुपचूप आठ कळश्या घालून आले. पाणी मैदान भिजवून बांधावर आलं, बांधावरून वाटेवर आलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

दुपारी सामना रंगला. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागं, आणि चढाईला हे. तेवढ्यात मी छोटी कळशी घेऊन बांधावरून निघाले. आता पाण्याची गरज नव्हती, मला फक्त जवळून बघायचं होतं. यांनी दोन गडी एका झटक्यात शिवले. दोन गुण, म्हणजे चषक आमचा. वळले. मध्यरेषा दोन पावलांवर. आणि माझा पाय निसटला. पडले नाही, सावरले, कळशी तेवढी गेली. पण यांनी ते बघितलं, आणि कबड्डीच्या जागी तोंडातून निघालं, "आगं, हळू."

पंचाची शिट्टी वाजली. दम तुटला, गडी बाद. शिवलेले दोघं जसेच्या तसे उभे आणि चषक मुठा खोऱ्यात गेला.

गाव काही वाईट नव्हतं, पण गाव ते गावच. महिनाभर यांना रस्त्यात बघितलं की कुणीतरी म्हणायचं, "हळू आले, हळू." मला म्हणायचे, "माहेराला चषक पोचवला जनू." हसत म्हणायचे, पण म्हणायचे. हे पुढच्या यात्रेला एकदा खेळले. चढाईला गेले की लोक मागून "हळू, हळू" ओरडायचे. त्यानंतर यांनी खेळ सोडला. नुसता सोडला नाही, मैदानाकडं फिरकणंच बंद केलं. खाचर आमचं, घरापासून शंभर पावलांवर, पण सामन्याच्या दिवशी हे म्हशी घेऊन ओढ्याकडं जायचे. चौतीस वर्षं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि संघ? आधी दोन वर्षं उपांत्य फेरी, मग पहिली फेरी, मग पहिल्या फेरीतसुद्धा लोण चढवून घ्यायचा, म्हणजे सातच्या सात गडी बाद होऊन बसायचे. मी अंगणवाडीत सेविका होते, त्यामुळं हरणारा प्रत्येक खेळाडू मी नाक पुसून मोठा केलाय. आमचा उजवा कोपरा सांभाळणारा तीन वर्षांचा असताना खिचडीतले वाटाणे वेचून शेजारणीच्या ताटलीत टाकायचा. त्याला कुणी उचलून आपटलं की माझा जीव खालीवर होतो. आता ही पोरं मोठी झाली. कुणी हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, कुणी रिसॉर्टवर राखणदार आहे, एकानं जमीन विकून जेसीबी घेतला. सराव करायचा तर सातजण एका वेळी जागे सापडत नाहीत. छातीवर प्लॉटवाल्याचा फोटो असलेला टीशर्ट मिळाला, आणि बारमाही सरावाची जागा त्याच प्लॉटवाल्याच्या भिंतीच्या आत गेली. तरी दरवर्षी उतरतात आणि हरतात. मी दरवर्षी बघायला जाते. आता बाया खुर्च्या टाकून बघतात.

मला चषकाची आशा नव्हती. खरं सांगायचं तर मला एकच पाहिजे होतं, यांनी एकदा त्या मैदानावर परत यावं. संघ होता तोवर ती आशा होती. संघच मोडला तर हे कशाला येतील आणि कुठं येतील?

यंदा तीच वेळ आली. यात्रेच्या आधी मंडळ आमच्या ओट्यावर बसलं. मोजली तर पोरं पाचच. एकजण म्हणाला, यंदा राहू द्या, मैदानाची जागा गाड्या लावायला देऊ, धरणाकडं जाणारी गर्दी लई असते. हे ओट्याच्या टोकाला म्हशीचं दावं वळत बसले होते.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "आमच्या खोलीतला लातूरचा पोरगा का न्हाई घेत? पकड बघितलीया का त्याची?" आमच्या चार खोल्यांत कॉलेजची पोरं भाड्यानं राहतात. हा लातूरचा रोज संध्याकाळी आमच्या पोरांबरोबर खेळायचा.

एक म्हातारे लगेच म्हणाले, "भाडोत्री पोरगं? ज्याच्या दारात देवाची पालखी थांबती त्याच घरचा गडी खेळतो. रीत हाय."

"मग पालखी आमच्या दारात थांबती का न्हाई?"

"थांबती की."

"आन् ते पोरगं त्याच दारात ऱ्हातंय का न्हाई? मागच्या यात्रेला पालखीवर फुलं त्यानंच टाकली. तुमचा नातू तर पुण्यातनं आलाबी न्हाई."

म्हाताऱ्यांनी चहा बशीत ओतला. सहा झाले.

सातव्याचा प्रश्न आमच्या धाकट्या दिरांनी मिटवला. भावजी दरवर्षी माईकवरून सामन्याचं धावतं वर्णन करतात. वय पंचेचाळीस, पोट आधी चढाईला जातं आणि मागून भावजी. ते म्हणाले, "मी उतरतो. मेलो तर मेलो. पर माईकवर कोन?"

सगळ्यांनी एकाच माणसाकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. यांनी दाव्याची गाठ मारली, उठले, गोठ्यात गेले. मंडळही उठलं. मला रडू आलं, पण कपबश्या गोळा करायच्या होत्या.

सामन्याच्या दिवशी सकाळी हे न्हाऊन आले आणि म्हणाले, "तो पांढरा सदरा कुटं हाय?" मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गेले नसते. सदऱ्याला इस्त्री केली, गुडघ्याला तेल चोळून दिलं. म्हशी त्या दिवशी गोठ्यातच राहिल्या.

समोर संघ मुठा खोऱ्यातलाच, माझ्या भाच्यांच्या वयाची पोरं, एकेक खांबासारखी. हे मंडपात माईक धरून बसले. माईकवर दोनदा टिचकी मारली. मग बोलायला लागले. भावजींसारखी आरडाओरड नाही. गोठ्यात म्हशीशी बोलतात त्या आवाजात. "डावा कोपरा मोकळा हाय... पाय मागं घे बाळा, पाय मागं." पंच येऊन सांगून गेला की वर्णन करा, शिकवू नका. पाच मिनिटांत पुन्हा येऊन सांगून गेला. सगळं मैदान कान देऊन ऐकत होतं. चौतीस वर्षं न बघता यांना प्रत्येक पोराची खोड ठाऊक होती. म्हणजे ओढ्यावर बसून कान भोंग्याकडंच असायचे तर. मला इतकं भरून आलं की खुर्चीत बसवेना.

भावजींनी एक गुण आणला आणि तीनदा बाद झाले. लातूरच्यानं चार पकडी केल्या. तरी मागं ते मागंच. सामना संपत आला तशी मी पोरांना प्यायला पाणी म्हणून घरून कळशी भरून निघाले. बांधावरून. सकाळी टँकरनं पाणी मारलं होतं, ते वाटेवर आलेलं.

भोंग्यातून आवाज येत होता. "लातूरकर चढाईला गेलाय... कोपऱ्याशी खेळतोय... हात लांबवला, गडी शिवला, आता माघारी... आगं हळू, निसरडं हाय तितं."

अख्ख्या गावानं ऐकलं. वरच्या वाडीनंही ऐकलं असेल. मी बांधावर जागच्या जागी थांबले. जुनी माणसं आधी हसली, मग त्यांनी बाकीच्यांना सांगितलं आणि सगळं मैदान हसायला लागलं. यांच्या हातातला माईक खाली गेला. माझ्या मनात आलं, झालं, आता हे उठतील, घरी जातील आणि पुन्हा या वाटेला येणार नाहीत. आणि पुन्हा माझ्याच पायी.

शिट्टी वाजली. पण ती गुणाची शिट्टी होती. लातूरकर मध्यरेषेवर पोचला होता. यांनी माझ्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं, माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "गुन आपला." मग स्वतःही हसले. त्यांचं ते हसू मी विसरूनच गेले होते.

आम्ही आठ गुणांनी हरलो. भावजींना दोघांनी धरून घरी नेलं.

संध्याकाळी हे ओट्यावर पाय धुवत होते. शाळेतल्या सात-आठ पोरी रोज त्याच खाचरात खेळतात, त्यांना शिकवायला कुणी नाही. त्यांच्याबद्दल मी मंडळात कितीदा बोलले, कुणी कान दिला नव्हता. हे पाय पुसता पुसता म्हणाले, "त्या पोरी किती वाजता खेळत्यात?"

"पाचला."

"उद्या मैदानाला पानी मारून ठेव मग."

"ठेवते."

टॉवेल खांद्यावर टाकून आत निघाले. उंबऱ्याशी थांबले.

"थोडंच मार," म्हणाले. "त्या वर्षी आठ कळश्या वतल्या व्हत्यास तू. मी देवळाच्या मागल्या पायरीवरनं मोजत हुतो."