वाईच्या नानांशी माझी जुनी ओळख

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. चहा घ्या, खारी घ्या, पण मी बोलताना मध्येच फिदीफिदी केलंत तर इथेच थांबेन! कारण त्या दिवशी मी जी माती खाल्ली, तशी अख्ख्या पुण्यात कुणी खाल्ली नसेल.

आमच्या कंपनीत वैशाली होती. कॉम्प्युटरपुढे बसून अमेरिकेतल्या लोकांच्या चुका निस्तरता निस्तरता आम्ही प्रेमात पडलो. तिचे बाबा मला बघायला वर्ध्याहून आले. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, बघणं जास्त. "बाबा हो म्हणाले तरच लग्न," असं वैशालीनं मला स्वच्छ सांगितलं होतं.

मी म्हटलं, चला, काकांना फिरवून आणू! गाडी नवी कोरी. कसब्यातल्या आमच्या बोळात ती शिरायची नाही ही गोष्ट वेगळी. भोर, मांढरदेवीचा घाट, वाई! काय बेत होता महाराजा!

"हा सगळा भाग मला पाठ आहे, काका," कात्रज ओलांडताच मी सुरू झालो. अहो, कसला पाठ? शाळेच्या सहलीला एकदा गेलो होतो, तेही निम्मा वेळ खिडकीतून ओकत.

भोरच्या राजवाड्यासमोर काकांनी विचारलं, "हा कोनी बांधला?"

"राजांनी!"

"अच्छा," काका म्हणाले. वैशालीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की विचारू नका.

घाट मात्र अफाट! पावसाळा नुकताच सरलेला, डोंगर हिरवेगार, ढग थेट गाडीत. वैशाली ओरडतेय, मी ओरडतोय, आणि काकांनीसुद्धा खिडकीतून डोकं काढून "वा!" म्हटलं. त्या एका 'वा'नं मी असा चेकाळलो की बोलून गेलो, "काका, जेवायला वाईत आपलं नेहमीचं ठिकाण आहे. घरगुती खाणावळ. पाटी नाही, काही नाही. माहीत असेल त्यालाच माहीत!"

असं कुठलंही ठिकाण नव्हतं हो! म्हटलं, एवढं गाव आहे, सापडेल काहीतरी.

वाईत ढोल्या गणपती झाला, घाटावर फिरून झालं, दोन वाजले. पोटात कावळे. तेवढ्यात एका गल्लीत घरापुढे मांडव दिसला. आत पंगत बसलेली, टोप्या चढवलेले वाढपी धावताहेत, आमटीचा घमघमाट. आणि पाटी नाही! मला देवच पावला.

दारात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. "पुण्याहून का?"

"हो, पुण्याहूनच!"

"या, या. तुमचीच वाट बघत होतो. बसून घ्या."

मी काकांकडे वळलो. "बघितलंत? ओळखतात!"

जेवण काय फर्मास! बुंदीचे लाडू तर मी पाच हाणले. पंगतीत कुणी बोलत नव्हतं. म्हटलं, गावाकडची शिस्त!

"पोटभर जेवा," वाढणारे म्हणाले. "नानांना कुणी अर्धपोटी उठलेलं चालायचं नाही."

नाना म्हणजे खाणावळीचे मालक, दुसरं कोण?

"अहो, नाना आपले जुने दोस्त!" मी काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "कुठायत? बोलवा त्यांना! म्हणावं, लाडू एक नंबर! असं जेवण दर महिन्याला होऊ द्या!"

सगळी पंगत थांबली. टोपीवाल्या गृहस्थांनी गुपचूप कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे खुर्चीवर फोटो. फोटोला हार. पुढे उदबत्ती.

त्या दिवशी नानांचं तेरावं होतं.

आता तरी गप्प बसावं की नाही माणसानं? पण मी कसला बसतोय! "हो ना... म्हणून तर आलो. पुण्यात आले की नाना कायम माझ्याकडेच उतरायचे."

भिंतीशी बसलेल्या आजींनी मान वर केली. त्या नानांच्या पत्नी. "आमचे हे? पुण्यात? जन्मात गेले नाहीत! पुणेकरांचं नाव काढलं तरी पानावरून उठायचे."

"मग तुम्ही धाकट्या सूनबाईंच्या माहेरचे नव्हे?" गृहस्थांनी विचारलं.

धरणी दुभंगली असती तर मी लाडवासकट आत गेलो असतो! शेवटी काका उठले, हात जोडले. "माफ करा, बाई. खानावळ समजून बसलो आम्ही."

आजी पदरात तोंड घालून खुदकन हसल्या. "पान टाकून उठू नका. जेवा नीट." तो सहावा लाडू मी कसा गिळला, माझं मला माहीत.

परतताना गाडीत वैशाली रडवेली. संपलं लग्न, मी मनाशी म्हटलं. घाटाच्या माथ्यावर काकांनी तोंड उघडलं.

"टोप्यांखालची तासलेली डोकी पाहूनच मले समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"तुम्ही कुठवर जाता, ते पाहत होतो." मग म्हणाले, "लग्नाले आपली हरकत नाही."

माझा पाय ब्रेकवर पडला. "खरंच?"

"पोरीची काळजी मिटली माझी. इतकं कच्चं खोटं बोलणारा माणूस तिले जन्मभर फसवू शकत नाही!"