भोंग्यावर निजणारा बाकबंधू

मुंबईत आजवर जेवढी माणसं जांभया देऊन गेली असतील, त्या सगळ्यांत पहिला नंबर फर्स्ट इयर सायन्सला माझ्या शेजारी बसणाऱ्या आमच्या बाकबंधूचा लागेल, यावर मी कुणाशीही पैज मारायला तयार आहे. झोप त्या वर्षी माझीही उडाली होती. सकाळी लेक्चरं, दुपारी प्रॅक्टिकलं, संध्याकाळी जर्नलं, आणि त्या जर्नलांत झुरळाच्या मिशा इतक्या वेळा काढायच्या की डोळे मिटले तरी मिशाच हलायच्या. पण मी गिरगावात आईबापाच्या घरी होतो. माझी झोप नुसती कमी झाली होती. त्याची झोप पाळीची होती.

तो लालबागच्या चाळीत त्याच्या गावच्या गिरणी कामगारांबरोबर राहायचा. खोली एक आणि माणसं एवढी, की सगळे एकदम आडवे होणं शक्यच नव्हतं. भोंगा झाला की एक जण उठून गिरणीत जाई आणि गिरणीतून आलेला दुसरा त्याच्या ऊबदार चटईवर लवंडे. याच्या वाट्याला पहाटेची चटई आली होती. पहिल्या पाळीवाले बाहेर पडले की यानं निजायचं, सातचा भोंगा झाला की रात्रपाळीवाल्यांना जागा द्यायची. उरलेली झोप मग तो मिळेल तिथं वेचायचा. हजेरीला झोपेतच 'येस सर' म्हणायचा. एकदा ट्रामच्या कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हाही म्हणाला. बेडूक फाडायच्या तासाला तर क्लोरोफॉर्म नक्की कुणाला दिलाय, असा प्रश्न सरांना पडला होता. पण कहर झाला तो ध्वनीच्या लेक्चरला. सरांनी प्रयोगासाठी शिट्टी वाजवली मात्र, आमचा बाकबंधू ताडकन उठला, बाकावरची नसलेली चटई नीट गुंडाळली, बगलेत मारली आणि वर्गाबाहेर चालू लागला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मला त्याच्या परीक्षेची धास्ती वाटायला लागली ती त्या दिवसापासून.

कारण खोलीचा कारभार त्याच्या काकांच्या हातात होता. गावदेवीला नारळ ठेवून त्यांनी पुतण्याला कॉलेजात घातलं होतं, आणि अट सांगून ठेवली होती, ''एक वरीस जरी फुकट गेला, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर गिरणीत मागार उभो ऱ्हव.'' काका बोलले की ते व्हायचंच.

वार्षिक परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपराच्या दिवशीच संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, ट्रामा बंद. आमच्या कॉलेजनं मात्र परीक्षा काही पुढं ढकलली नाही. आम्ही पोरं पायी पोचलो. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली आणि मी तीन तास दाराकडे बघत कसाबसा पेपर लिहिला. बाहेर आलो तर हा फाटकाशी धापा टाकत उभा, लालबागपासून पळत आलेला. चेहरा मात्र असा टवटवीत, की मी क्षणभर ओळखलंच नाही. त्याचे डोळे पांढरे असू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

''भोंगाच झाला नाही रे,'' तो म्हणाला.

गिरणी बंद, म्हणून खोलीतले सगळे घरी. पण एवढ्या माणसांनी त्या दिवशी आख्खी खोली याला दिली आणि आपण गॅलरीत उकिडवे बसले. कुणी विडी पेटवली नाही की कुणी खाकरलं नाही. काका उंबऱ्यावर बसून चाळीतल्या पोरांना 'शू' करत होते. हा दचकून उठला आणि ''भोंगो झालो?'' म्हणून ओरडला, तेव्हा ते म्हणाले, ''नीज रे. आज सगळा बंद आसा. तुझा कॉलेज काय गिरणीपेक्षा मोठा लागून गेला?''

''मग? पेपर होता म्हणून सांगितलंस?''

''काय सांगू? काका विचारत होते, 'निजलंस मां पोटभर?' एवढ्या प्रेमानं मला कुणी झोपवलं नव्हतं रे. म्हटलं, होय, कॉलेजही बंदच असेल, जरा बघून येतो.''

त्याचं वर्ष फुकट गेलं. आता हा मागावर जाणार, म्हणून मी कासावीस झालो होतो. जूनमध्ये बघतो तर स्वारी पुन्हा फर्स्ट इयरच्या वर्गात, पहिल्याच तासाला डुलक्या काढत! काकांना काय सांगितलं, ते त्यानं मला सांगितलं नाही. गणपतीत त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा काकांकडूनच कळलं. त्यांनी माझ्या हातावर करंजी ठेवली आणि अभिमानानं म्हणाले, ''आमच्या पोराचा सायन्स लय कठीण. पयलाच वरीस दोन वर्सांचा. तुमचा?''

''माझं एका वर्षात संपलं, काका.''

''मगे तुमचा हलक्यातला आसतला,'' काका मायेनं म्हणाले. मी मान डोलावली. माझ्यामागे भिंतीला टेकून तो झोपला होता, निदान तसं दाखवत तरी होता.

पुढं तो पास होत गेला, शिक्षक झाला, दूरच्या उपनगरात त्यानं स्वतःची खोली घेतली. काका गेले, भोंगेही बंद पडले. परवा फोनवर म्हणाला, हल्ली झोपच लागत नाही. मी नेहमीच्या घाईनं डॉक्टर, गोळ्या, गरम दूध असं सगळं सुचवलं. त्यानं ऐकून घेतलं.

''गादी चांगली आहे रे,'' तो म्हणाला, ''पण बाहेर बसून शू करणारं कुणी नाही.''