टाकीत वाजतं काय?

जुनी गाडी दुरुस्तीला घेतली की गाडी जागची हलत नाही, किस्से मात्र धावत सुटतात. जे. पी. नगरमधल्या आमच्या रविवारच्या जुन्या गाडीवाल्यांच्या कंपूत मोहनअण्णाच्या एकट्या पेट्रोल टाकीने इतके किस्से दिलेत, की बाकीच्या गाड्यांना तोंड उघडायला जागा नाही!

गाडी अण्णाच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. वय पंचेचाळीस. टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकायचा आणि गाडी दोन किलोमीटरवर मान टाकायची. अप्पांची थोरली बहीण, अक्का, तीस किलोमीटरवर आनेकलला. तिला आता प्रवास झेपत नाही आणि अप्पांचा हट्ट, "जाईन तर माझ्याच गाडीतून. कॅब बेडा, नकोच!" दोन वर्षं बहीणभावाची भेट नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. शेवटी आम्ही टाकी उतरवलीच.

*

रिकामी टाकी हलवली तर आत खडखड.

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जुन्या माणसाचे गुडघे वाजतात की नाही? तसंच."

*

आमच्यातला समीर पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याने व्हिडिओ पाहून ठेवले होते. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकायचे आणि तासन्‌तास हलवायचं, म्हणजे गंज सुटतो. दहा मिनिटांत सगळ्यांच्या कंबरा धरल्या.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथला सिमेंट मिक्सर तासाभरासाठी मागून घेतला. आधी एक गोधडी आत गेली. मग टाकी. मग तिला घट्ट बसवायला दोन उशा. मिक्सरवाला शांतपणे बघत होता. बटण दाबण्याआधी त्याने अदबीने विचारलं, "सार, सिमेंट बेडवा? नको का?"

*

समीरने तीस नट मोजून टाकले होते, तीस मोजून काढले. टाकी हलवली. खडखड चालूच!

आता मात्र कुणाला चैन पडेना. अण्णा म्हणाला, पत्रा सुटला असेल. मी म्हटलं, कारखान्यात कुणी पाना विसरला असेल. टाकी धुऊन वाळवली आणि समीरने वायरवरचा छोटा कॅमेरा मोबाईलला जोडून आत सोडला. तिघांची डोकी एका स्क्रीनवर. गंजाच्या चिखलात काहीतरी लांब, सरळ, पांढुरकं दिसलं.

"अण्णा," समीर हळूच म्हणाला, "तुमच्या गाडीला हाड आहे!"

*

तारेचा आकडा करून ते बाहेर ओढलं. स्वेटर विणायची ॲल्युमिनियमची सुई! आम्ही सगळे अप्पांकडे वळलो.

"काटा बंद पडला होता," अप्पा पुटपुटले. "पेट्रोल किती उरलंय ते बघायला घातली, हातातून निसटली."

अण्णाने कपाळाला हात लावला. अक्काची एक सुई चाळीस वर्षांपूर्वी हरवली होती. ती म्हणायची, गोविंदानेच, म्हणजे अप्पांनीच, घेतली. अप्पा शपथ घेऊन नाही म्हणायचे. दर दिवाळीला हे भांडण फराळाआधी व्हायचं.

"अप्पा, आता तिला सांगणार?"

"आधी टाकी बसवा," अप्पा म्हणाले.

*

मग सीलिंग. सीलर ओतायचं आणि टाकी सगळ्या कुशींवर फिरवायची, म्हणजे आतून अस्तर बसतं. समीरने छाती फुगवून सांगितलं, "आता एक थेंब बाहेर येणार नाही!"

चार दिवस वाळवून टाकी चढवली, पेट्रोल भरलं. खरंच एक थेंब आला नाही. इंजिनाकडेसुद्धा नाही! पेट्रोल जायची नळी मोकळी ठेवायला आम्ही विसरलो होतो, तीही आतून सील.

अप्पा म्हणाले, "पोरगा शब्दाचा पक्का आहे हो."

*

नळी मोकळी करण्यात आणखी एक रविवार गेला. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही आनेकलला निघालो. अण्णा चालवत होता, शेजारी अप्पा, मागे मी आणि समीर. गाडी एकदाही थांबली नाही. अप्पांनी वाटभर सुई रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती.

अक्का ओसरीवर बसली होती. अप्पांनी समोर जाऊन रुमाल उघडला. "अक्का, मीच घेतली होती."

अक्काने सुई उचलली, उन्हात धरून दोन्ही टोकं पाहिली. तशीच ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आता हिची तोफ सुटणार म्हणून आम्ही अंग चोरून उभे राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरी सुई होती आणि तिच्यावर अर्धा विणलेला राखाडी स्वेटर.

"ताठ उभा राहा," ती अप्पांना म्हणाली. "माप बदललं असेल तुझं."