बांधावरून परत पाठवलेली माणसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एकदोन सत्कारांत जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं — पण गळ्यात हार असताना कुणी असलं बोलतं का?

आधी एक सांगून टाकतो. पेण-रोह्याच्या विकासासाठी जे केलं त्याची मला लाज वाटत नाही. आमची पोरं शिफ्टसाठी पार धाटावच्या एमआयडीसीत जायची. त्यांना घराजवळ काम मिळावं म्हणून मी विकास संघटना उभी केली, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, कंपन्यांच्या साहेबांना गाडीत घालून खाडीकाठ दाखवला. आणि कासूच्या पुढं, माझ्याच गावच्या जमिनीवर कारखाना आणला. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा आणीन. नावं ठेवणारे खुशाल ठेवोत — त्यांचीही पोरं तिथंच कामाला आहेत.

मग लपवलंय काय?

आमच्याकडं खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तो फुटला की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावतो, मग घरात लग्न असो की मयत. भरती चढायच्या आत चिखल आणि पेंढा घालून भगदाड बुजवायचं. खारं पाणी आत शिरलं की जमीन कित्येक वर्षं भात देत नाही.

कंपनीला सलग जमीन हवी होती आणि गाव विकायला तयार नव्हतं. सगळ्यांत आधी नाही म्हणाली ती माझी सख्खी आत्या, भागीआत्या. गावातच दिलेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. साहेब लोक दुसरा तालुका बघायला लागले होते, माझी सगळी खटपट वाया जाणार होती — आणि नेमका तेव्हाच, उधाणाच्या दिवसांत, सकाळी बांध फुटला.

भगदाड लहान होतं. दुपारच्या भरतीआधी सहज बुजलं असतं. माणसं जमली, दोघंतिघं चिखलात उतरलीही. मी बांधावर उभा राहून म्हणालो, उतरू नका, कुणाचा तरी जीव जाईल, सरकारी पोकलेन निघालंय, आत्ता पोचेल.

पोकलेन निघालं नव्हतं. मी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता.

लोक घुटमळले. आत्याची जाऊ पारूकाकी — दोघींची शेतं लागून, एकमेकींवाचून करमायचं नाही — म्हणाली, मशीन येईल तेव्हा येईल, आपण हात लावूया. तेव्हा आत्या पुढं झाली.

"चला घराकडं. मी वाढवलाय त्याला. खोटं नाय बोलायचा."

माणसं परतली. माझ्या शब्दावर नाही — तिच्या. संध्याकाळपर्यंत सगळी शेतं खाडीच्या पाण्याखाली होती. मग एकेकानं जमीन विकली. आत्यानं सगळ्यांच्या शेवटी.

पश्चात्ताप होतो का, असं विचाराल. कारखान्याचा? नाही. त्या पगारांवर घरं उभी राहिली, पोरी कॉलेजला गेल्या. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण ते आणि हे एक नाही, एवढं मला कळतं.

कारण पुढं पारूकाकी गावात बोलायला लागली, की पोकलेन मुळात बोलावलंच नव्हतं. आत्या भर नळावर तिच्याशी भांडली. "माझ्या पोरावर आळ घेतेस गो?" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. दोघींच्या घरांच्या सामाईक भिंतीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. माझ्या एका वाक्यानं ते मिटलं असतं. व्यासपीठावर मला कधी वाक्यांची वानवा भासली नाही. मग तिथंच का — भीती? छे. मी माझं नाव जपत होतो.

गेल्या पावसाळ्यात पारूकाकी गेली. आत्या तेव्हा माझ्याकडं पेणला, रामवाडीत राहायला आली होती. मी गाडी काढली, चल म्हणालो. ती दारातल्या खुर्चीत तोंडाला पदर लावून बसली होती. रडत होती.

"नाय येत मी," ती म्हणाली. "तुला लबाड म्हनली ती."

मी एकटा गेलो. पारूकाकीला खांदा दिला. लोकांनी माझ्यासाठी वाट करून दिली. घरी आलो तर आत्या तिथंच बसलेली. तिनं विचारलं, चेहरा कसा दिसत होता. मी म्हणालो, शांत.

पारूकाकी खरं बोलत होती, एवढं मात्र म्हणालो नाही.