मच्छरदाणीतला मास्तर

इंग्रजीचा मास्तर होऊन मला तीन महिने झाले होते, आणि मला काहीही सांगायचं नाही असं घरातल्या बायकांनी ठरवलं होतं.

त्या आठवड्यात वर्गात ‘इन्ट्रीग’ हा शब्द शिकवायचा होता. कुतूहल वाटायला लावणं हा एक अर्थ आणि कारस्थान हा दुसरा. मूळ लॅटिन, अर्थ गुंतवणं. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले आमचे वडील, दादा, म्हणाले, “आमच्याकडं कुतूहलाला तजस्सुस, कारस्थानाला साजिश. इंग्रज कंजूष, एकात भागवलं.”

मी मात्र सापडेल त्याला शब्द पाठ करायला लावत होतो. सापडायची ती बहुधा माझी बायको, शांता. पोळ्या लाटतानाही मी तिला स्पेलिंग विचारायचो. (पोळ्या करपायच्या. दोष स्पेलिंगचा!)

अशात आई आणि शांता स्वयंपाकघरात कुजबुजू लागल्या. मी गेलो की गप्प. मग पैठणहून सासूबाई एसटीनं आल्या, कापडात काहीतरी बांधून. आईचं एक वाक्य तेवढं कानावर पडलं, “शुक्रवारी गुपचूप उरकू. त्याला कळू देऊ नका.”

माझा हिशेब जुळला. शांता स्पेलिंगांना कंटाळून माहेरी चालली, कायमची! काय वाटेल ते झालं तरी हे कारस्थान हाणून पाडायचं, असा मी निश्चय केला.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मागच्या दारानं परसात शिरलो. दोरीवर मच्छरदाणी वाळत होती, तिच्यामागं उभा राहिलो. खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, “मंग मीच येऊन घिऊन जाते हिला.”

मी धावलो. मच्छरदाणीही माझ्याबरोबर धावली! दोरी तुटली, बादली उलटली, मी उंबऱ्यात आडवा. तिथूनच ओरडलो, “शांता कुठंही जाणार नाही! पुन्हा स्पेलिंग विचारणार नाही, शपथ!”

आत पाटावर शांता बसलेली, पदरात नारळ आणि हिरवा खण. आई शांतपणे म्हणाली, “आरं, बाळंतपणाला तरी जाऊ दे की तिला.”

ती चोरओटी होती. तिसऱ्या महिन्यात बायकांनी गाजावाजा न करता भरायची असते, नवऱ्यालाही पत्ता लागू न देता. माझ्या ओरडण्यानं निम्मी गल्ली भिंतीवरून डोकावत होती. दादा पेपर घेऊन आले, मला पाहून परत गेले. मला इतका आनंद झाला होता की रडूच आलं, आणि डोळे पुसायला हात जाळीबाहेर निघेना.

शांता गाठी सोडवायला बसली. शेवटची गाठ सोडवताना हळूच म्हणाली, “अहो, तो गुंत्याचा शब्द. विचारा की स्पेलिंग.”

विचारलंही असतं, शपथ मोडून. पण ते मलाच आठवेना.